एकतिसावा पॉइंट

पॉइंट मिळवायचे कसे, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. रानडुकरं मारा, कुणाची तरी हरवलेली पेटी शोधून द्या, परत रानडुकरं मारा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाच्या क्लासिक आवृत्तीत पहिल्या नऊ लेव्हल नुसत्या कष्टाच्या. दहाव्या लेव्हलला पहिला टॅलेंट पॉइंट, म्हणजे आपल्या पात्राचं कसब वाढवायचा पॉइंट, हातात पडतो, मग साठाव्या लेव्हलपर्यंत दर लेव्हलला एक. एकूण ५१. कष्ट करून चार गोष्टी गाठीला बांधणं आपल्याला जमतंच. घोडं अडतं ते खर्च करताना.

मला या फंदात पाडलं ताईच्या मुलाने. क्लासिक ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालं आणि पुढच्या वर्षी टाळेबंदीत तो पुण्यातल्या खोलीत आणि मी डोंबिवलीतल्या हॉलमध्ये अडकून पडलो. "मावशी, तू प्रीस्ट घे. बरं करणाऱ्या हीलरला जाम मागणी असते." स्वतः त्याने मेज, म्हणजे जादूगार, घेतला. आगीचे गोळे त्याने फेकायचे आणि भाजलेल्यांना मलम मी लावायचं, ही वाटणी कुणी ठरवली हे मी तेव्हा विचारायला हवं होतं, पण कांदा परतत होते, राहून गेलं.

प्रीस्टपुढे पॉइंट टाकायला तीन झाडं असतात: डिसिप्लिन, होली आणि शॅडो. झाडात सात ओळी. वरच्या ओळीत पाच पॉइंट पडल्याशिवाय पुढची ओळ उघडत नाही. म्हणजे थेट लग्नाचा बस्ता. आपला जीव जडलेला असतो एका पैठणीवर, पण तिच्यापर्यंत पोचायच्या आधी सगळ्या आत्या-माम्यांची देण्याघेण्याची लुगडी काढावी लागतात. तळाची सगळ्यात भारी गोष्ट मिळते एकतिसाव्या पॉइंटला. त्याआधीचे तीस कुठे जातात? भीती वाटण्याची शक्यता ३ टक्के कमी. मंत्राचा खर्च २ टक्के कमी. हे २ टक्के खरंच कमी झाले का, हे बघायला मी कागदावर हिशेब मांडून बसले. कमी झाले होते. आनंद मात्र झाला नाही.

माझे पहिले पाच पॉइंट भाच्याने परस्पर छडीवर टाकायला लावले. छडीचा मार २५ टक्के वाढतो. "अरे, मी देवाधर्माची बाई ना? छडीने डुकरं काय मारत बसू?" "मावशी, मॅना वाचतो." मॅना म्हणजे मंत्रांचं इंधन. ते वाचतंय म्हटल्यावर मी गप्प बसले. काहीही वाचत असलं की मी गप्प बसते.

पुढचे पॉइंट मात्र मी माझ्या मनाने शॅडोत टाकले, आणि पंचेचाळिसाव्या लेव्हलला शॅडोतला एकतिसावा पॉइंट टाकून शॅडोफॉर्म घेतला. आख्खी बाई जांभळी, धुरकट, आरपार दिसणारी. सावलीच्या मंत्रांचा मार १५ टक्के जास्त, आणि त्या रूपात असेतो कुणालाही बरं करता येत नाही. म्हणजे करावंच लागत नाही! आमचे हे पाणी प्यायला उठले, स्क्रीनकडे बघून म्हणाले, "ही तू?" म्हटलं, "हो." काही बोलले नाहीत. पण त्या रात्रीची भांडी घासलेली निघाली.

हे सुख साठाव्या लेव्हलपर्यंत टिकलं. मग आम्ही गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या एका टोळीत, शिरलो. सर्व्हर युरोपातला, त्यामुळे त्यांचे संध्याकाळचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेअकरा आणि थंडीत साडेबारा. मोल्टन कोर या राक्षसांच्या गुहेवरच्या रेडला, म्हणजे मोहिमेला, चाळीस माणसं लागतात. आमची म्होरकी नेदरलँड्समध्ये राहणारी, आवाज अगदी मुख्याध्यापिकेचा. तिने माझं जांभळं रूप बघितलं आणि शांतपणे सांगितलं की राक्षसाच्या अंगावर एका वेळी १६च शाप टिकतात, त्यामुळे शॅडो प्रीस्ट एकच ठेवता येतो, आणि ती जागा भरलेली आहे. हिने होली-डिसिप्लिन करून, म्हणजे परत मलम लावणारी होऊन यावं.

पॉइंट परत घ्यायचे तर खेळातल्या स्टॉर्मविंड शहराच्या कॅथेड्रलमध्ये जाऊन शिक्षकाला सोनं मोजावं लागतं. पहिल्यांदा १ नाणं, मग ५, मग दर वेळी ५ ने चढत ५० पर्यंत. मन न बदलता एक महिना काढला तर ५ कमी होतात, पण १० च्या खाली काही उतरत नाही. मी स्वतः अकाउंट्समध्ये आहे. मन बदलण्यावर इतका चोख दंड मी आयुष्यात पाहिलेला नाही.

तर एकावन्न पॉइंट पुन्हा रिकामे होऊन हातात आले. मग सुरू झाले सल्ले. नेटवर यासाठी कॅल्क्युलेटर असतात, खोटे पॉइंट टाकून बघायला. मी जेवणाच्या सुट्टीत एक उघडून बसले होते. तीन झाडं, चौकोन, आकडे. शेजारचे देशपांडे वाकून बघत म्हणाले, "टॅक्स प्लॅनिंग का?" मी हो म्हटलं. तेव्हापासून मार्च आला की ते माझ्याकडे येतात.

गिल्डचे डीकेपी तर आणखी वेगळे. ड्रॅगन मारल्याचे पॉइंट. १९९९ साली आलेल्या एव्हरक्वेस्टच्या खेळाडूंनी वाटपावरून भांडणं नकोत म्हणून ही पद्धत काढली. रेडला हजर राहा, पॉइंट साठवा, वस्तू पडली की बोली लावा. भाच्याचे पॉइंट पहिल्याच आठवड्यात उडाले. माझे तसेच पडून आहेत. त्यांवर व्याज मिळत नाही, हे कळल्यावर मला खरा धक्का बसला.

असो. एके रात्री फोन.

"मावशी, डिसिप्लिनमध्ये एकतीस टाक."

"का रे?"

"पॉवर इन्फ्युजन मिळतं. मंत्रांचा मार २० टक्के वाढतो. पंधरा सेकंद."

"अरे वा! माझा?"

"तुझा पण वाढेल... पण ते मेजवर टाकायचं असतं."

म्हणजे डुकरं मी मारायची, सोनं मी मोजायचं, भीतीचे ३ टक्के, खर्चाचे २ टक्के अशी एकेक पायरी मी चढायची, आणि शेवटी तळाला जे मिळेल ते याच्या अंगावर ओतायचं. नेटवर तपासलं. सगळे शहाणे हेच सांगत होते. म्होरकीनेही हेच सांगितलं. टाकला एकतिसावा पॉइंट.

पुढच्या रेडला त्याचं नाव डॅमेज मीटरवर, म्हणजे कुणी किती मार दिला त्या यादीत, सगळ्यात वर. सगळे त्याला शाबास म्हणत होते. माझ्याबद्दल एकानेच एक वाक्य लिहिलं, तेही मी त्याला वेळेवर बरं केलं नाही म्हणून.

पण एका गोष्टीचा विचार भाच्याने केला नव्हता. चाळिसांत मेज काही तो एकटाच नव्हता. दुसऱ्या दिवशीपासून मला खासगी निरोप यायला लागले. एक स्वीडनचा, अतिशय नम्र. एक पोर्तुगालचा, त्याने माझ्या टोपीची स्तुती केली. एकाने न मागता मॅनाच्या बाटल्या पाठवल्या. इतकी वर्षं संसार केला, पण पंधरा सेकंदांसाठी कुणी माझी अशी मनधरणी केलेली नाही. मी कुणालाच नाही म्हटलं नाही. "बघते," म्हटलं. आपल्याकडे 'बघते' या शब्दावर लग्नंसुद्धा वर्षवर्ष लांबतात, स्वीडनवाल्याला काय कळणार!

त्या रात्री पहिलं पॉवर इन्फ्युजन पोर्तुगालला गेलं. हेडफोनमध्ये भाचा म्हणाला, "मावशी?" मी कुणाच्या तरी भाजलेल्या अंगावर मंत्र म्हणत होते, ऐकू आलं नाही. दुसरं स्वीडनला गेलं. मग हेडफोनमध्ये शांतता, आणि टेबलावरचा माझा मोबाइल वाजला. रात्रीचा एक वाजला होता. ताई.

"अगं, तो मघापासून नाक ओढतोय तिकडे. काय ते पॉवर-बिवर आहे, देऊन टाक ना त्याला. लहान आहे तो."

लहान म्हणजे एकवीस पूर्ण. मी स्क्रीनवरच्या कूलडाउनकडे, म्हणजे पॉवर इन्फ्युजन पुन्हा वापरता यायला उरलेल्या वेळेकडे, बघितलं.

"देते गं," म्हटलं, "तीन मिनिटं थांबायला सांग त्याला."