ब्लेअर माउंटनवर बॉम्ब पडले, पण ते लष्कराने टाकले नव्हते

कामगार दिन जवळ आला की एक पोस्ट फिरायला लागते. १९२१ साली अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, ब्लेअर माउंटन डोंगराच्या परिसरात, गोरे कोळसा खाणमजूर पगारवाढीसाठी उठले, कामगार चळवळीतली वयोवृद्ध पुढारी मदर जोन्स त्यांच्या पुढे चालली, अमेरिकी लष्कराने त्यांच्यावर विमानातून बॉम्ब टाकले, शेकडो मेले आणि युनियन कायमची संपली. लिहिणाऱ्याची सहानुभूती योग्य बाजूला आहे, पण तपशील जवळपास सगळे चुकलेत. आणि त्या चुकांमुळे मुख्य आरोपीच सुटतो.

बॉम्ब पडले, हे खरं. ते टाकले लोगन काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) शेरिफ, तिथला पोलीसप्रमुख डॉन चॅफिन याच्या माणसांनी, भाड्याच्या खाजगी विमानांतून. बॉम्बही बरेचसे गावठी. त्यातला न फुटलेला एक पुढे खटल्यात कामगारांच्या बाजूने पुरावा म्हणून मांडला गेला. लष्कराची बॉम्बर विमानं चार्ल्स्टनला आली होती, हेही खरं. बिली मिचेल हा हवाई दलाचा अधिकारी तर वापरायला उतावीळच होता. पण त्या विमानांनी फक्त टेहळणी केली, आणि परतताना त्यातलं एक कोसळलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला लष्करी तुकड्या पोचल्या तेव्हा कामगारांनी त्यांच्याशी लढायला नकार दिला. त्यांच्यातले कित्येक स्वतःच पहिल्या महायुद्धातून परतलेले होते. बंदुका लपवून ते घरी गेले.

मग चॅफिन कोणाचा माणूस? निवडून आलेला शेरिफ, पण त्याच्या डेप्युटींचा पगार कोळसा कंपन्या भरत. युनियनचा माणूस काउंटीत शिरला की मार खाऊन परत जाई. ‘सरकारने बॉम्ब टाकले’ असं म्हटलं की कंपन्यांनी विकत घेतलेली ही पोलीस यंत्रणा चित्रातूनच गायब होते. माझ्या मते ती जास्त भयंकर आहे.

पगारवाढीचंही तसंच. मजुरीचा प्रश्न होताच, पण डोंगराकडे निघाले ते त्यासाठी नाही. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, पुष्कळ ठिकाणी मजुरीही कंपनीच्या टोकनांत, आणि युनियनमध्ये नाव घातलं की सामान रस्त्यावर. १९ मे १९२० रोजी मेटवान गावात कंपन्यांनी नेमलेल्या बाल्डविन-फेल्ट्स या खाजगी डिटेक्टिव्ह एजन्सीचे लोक अशीच घरं रिकामी करून परतत होते. पोलीसप्रमुख सिड हॅटफिल्डने त्यांना अडवलं. गोळीबारात दहा मेले, त्यात एजन्सीचे सात आणि गावचा महापौर. १ ऑगस्ट १९२१ रोजी वेल्चच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर निःशस्त्र हॅटफिल्ड आणि त्याचा सोबती एड चेंबर्स यांना एजन्सीच्याच माणसांनी ठार केलं. कोर्टाच्या दारात! त्यानंतर सुमारे दहा हजार माणसं मिंगो काउंटीकडे निघाली. तिथे मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल होता आणि त्यांचे साथी तुरुंगात होते. वाटेत लोगन काउंटीतल्या ब्लेअर माउंटनवर चॅफिनच्या माणसांनी त्यांना अडवलं आणि तिथेच लढाई झाली.

मदर जोन्सची गोष्ट तर उलटीच आहे. तिने मोर्चा थांबवायचा प्रयत्न केला. मार्मेटजवळ जमलेल्या कामगारांपुढे तिने राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांची तार म्हणून एक कागद वाचला: परत जा, खाजगी पहारेकऱ्यांची पद्धत मी बंद करतो. युनियनच्या पुढाऱ्यांनी चौकशी केली, तर अशी तार कोणी पाठवलीच नव्हती. म्हातारीला कत्तल दिसत असावी. पण मोर्चाचं पुढारीपण तिच्या पदरात टाकू नये.

‘गोरे’ म्हणाल तर या खाणींत दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय, इटालियन, हंगेरियन असे सगळेच होते, आणि मोर्चातही होते.

मृतांचे अंदाज १६ पासून १०० पर्यंत जातात. ‘शेकडो’ला आधार नाही. पुढे शेकडोंवर आरोप ठेवले गेले, काहींवर राज्याविरुद्ध देशद्रोहाचे. त्यातला प्रमुख आरोपी बिल ब्लिझर्ड निर्दोष सुटला. युनियन मात्र खरोखर मोडली, पण कायमची नाही. १९३३ मध्ये रूझवेल्टच्या कायद्याने संघटनेचा हक्क मान्य केल्यावर हाच दक्षिण वेस्ट व्हर्जिनिया झपाट्याने युनियनमध्ये आला.

डोंगराचं भांडण त्यानंतरही चालूच राहिलं. २००९ मध्ये ब्लेअर माउंटनची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत नोंद झाली. तिथला कोळसा माथा फोडून काढायचा असलेल्या कंपन्यांचा विरोध होता, आणि वर्ष संपायच्या सुमारास नाव वगळलं गेलं. बरीच वर्षं कोर्टकज्जे चालले, तेव्हा कुठे २०१८ मध्ये ते परत लागलं.