मधल्या कडव्याचा गायक

गेल्या आठवड्यात एका रात्री झोप येईना, म्हणून हेडफोन लावून ग्लेन मिलर या अमेरिकन बँडमास्तरच्या अगदी सुरुवातीच्या रेकॉर्ड ऐकत पडलो होतो. मिलरने स्वतःच्या नावावर पहिलं ध्वनिमुद्रण केलं ते एप्रिल १९३५ मध्ये, कोलंबिया कंपनीसाठी. त्यातलं एक गाणं ‘मूनलाइट ऑन द गँजेस’. गंगेचं नाव दिसलं की आपलं बोट आपोआप तिथे जातंच. गाण्यात गंगा शोधायला जाऊ नका, ती नावापुरती आहे. तिच्या जागी व्हेनिसचा कालवा घातला असता तरी काही बिघडलं नसतं. पण वाद्यं जरा मागे सरली आणि एक पुरुषी आवाज आला. मऊ, स्वच्छ, परीटघडीचा. कुठे सुरकुती नाही, कुठे घाम नाही. आला, आपलं कडवं म्हणाला आणि गेला.

गायक कोण म्हणून पाहिलं तर स्मिथ बॅल्यू. हे नाव मला ठाऊक होतं, पण घोड्यावरचं! डोक्यावर पांढरी हॅट आणि कमरेला पिस्तूल असलेला बॅल्यू मी जुन्या काउबॉय चित्रपटांत पाहिला होता. हा तोच, हे डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला.

आमच्या जुन्या गाण्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे टाकलं, तर एका जाणकार मित्राचं ताबडतोब उत्तर: “अरे, तो नकली काउबॉय. हॉटेलात गाणारा माणूस घोड्यावर बसवला, पडणारच.” हे मत त्या मित्राचं एकट्याचं नाही, बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. मला ते पटत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

आधी नकलीचं बघू. बॅल्यूचा जन्म १९०२ चा, पॅलेस्टाइन नावाच्या गावातला. हे पॅलेस्टाइन पूर्व टेक्ससमधलं. म्हणजे माणूस अस्सल टेक्ससचा, उंची सहा फुटांच्या बरीच वर, बोलण्यात तिकडचा हेल. आता पडद्यावरच्या गाणाऱ्या काउबॉयांचा राजा म्हणून जग ज्याला ओळखतं तो रॉय रॉजर्स बघा. खरं नाव लेनर्ड स्लाय, जन्म ओहायोतल्या सिनसिनाटी शहरात. गावाच्या दाखल्यावरून काउबॉय ठरवायचे असतील, तर बॅल्यूने रॉजर्सला दारातच अडवायला हवं होतं. जन्मगावावरून माणूस नकली ठरवायचा हा मुद्दा इथेच निकालात निघतो.

मग काउबॉय म्हणून तो का चालला नाही? माझ्या मते उत्तर त्याच्या आधीच्या दहा-बारा वर्षांत आहे.

कॉलेजात असताना बॅल्यू बँजो वाजवायचा. ऑस्टिनला, टेक्सस विद्यापीठातल्या पोरांचा ‘जिमीज जॉइज’ नावाचा बँड होता, त्यात तो होता. १९२३ मध्ये लॉस एंजेलिसला त्यांच्या रेकॉर्डही निघाल्या. तेव्हा कर्ण्यात तोंड घालून गावं लागे. १९२५ पासून माइक आला आणि सगळंच बदललं. ज्याचा आवाज नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नसे, असा माणूसही आता चालू लागला, उलट जास्तच चालू लागला. कानाशी बोलल्यासारखं गाणाऱ्यांचे दिवस आले. बॅल्यू न्यूयॉर्कला पोचला तो नेमका या वेळी.

आता तिथलं काम काय होतं, ते नीट समजून घ्या, कारण माझा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. त्या काळातली नाचाची रेकॉर्ड तीन मिनिटांची. विकत घेणारा ती घरी गालिचा गुंडाळून नाचायला घ्यायचा. आधी बँड पूर्ण चाल वाजवणार. मग मध्येच गायक येणार, बत्तीस मात्रांचे नव्हे, बत्तीस ‘बार’चे (एका बारात साधारण चार मात्रा) एकच आवर्तन गाणार, आणि परत बँड. गायकाने लय खेचायची नाही, थांबायचं नाही, आपलं दुःख उगाळायचं नाही, कारण नाचणाऱ्यांचा पाय चुकतो. तबकडीवर नाव बँडमास्तरचं. त्याखाली बारीक अक्षरात ‘गायनासह’ एवढंच. गाणाऱ्याचं नाव पुष्कळदा नसेच. (आपल्याकडे ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पात्राचंच नाव छापलं होतं ना, त्याच जातीचा प्रकार.)

या कामात बॅल्यू पटाईत होता. बेन सेल्विन, फ्रेड रिच, सॅम लॅनिन, रेड निकल्स, जो व्हेनूटी, डॉर्सी बंधू असे किती तरी बँड त्याच्या नावापुढे लागतात. सकाळी एका कंपनीच्या स्टुडिओत, दुपारी दुसऱ्या, अशी ही नोकरी. स्वतःच्या नावाच्या बँडच्याही रेकॉर्ड निघाल्या, आणि काही टोपणनावानेही. त्यातलं एक टोपणनाव होतं ‘बडी ब्लू आणि त्याचे टेक्ससकर’. चित्रपटवाल्यांना सुचायच्या कितीतरी आधी रेकॉर्डवाल्यांनी त्याच्यावर टेक्ससचा शिक्का मारला होता, याची मला गंमत वाटते.

मग मंदी आली. १९२७ च्या सुमारास अमेरिकेत वर्षाला दहा कोटींच्या घरात रेकॉर्ड खपत होत्या, १९३२ मध्ये तो आकडा साठ लाखांच्या आसपास घसरला. घसरणीला कोसळणं म्हणतात ते हे. बॅल्यू स्वतःचा बँड घेऊन हॉटेलांतून हिंडत होता, त्या १९३२ च्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायला आणि वाद्यमेळ बांधून द्यायला होता ग्लेन मिलर, ड्रमवर रे मॅकिन्ली. ही माणसं पुढे कुठे पोचली! तो बँड मात्र फार काळ टिकला नाही. तीन वर्षांनी मिलरने स्वतःच्या पहिल्या ध्वनिमुद्रणाला जुन्या मालकाला गायला बोलावलं, तेच ते गंगेवरचं चांदणं. कधीकाळच्या मालकाने जुन्या नोकराच्या रेकॉर्डमध्ये मधलं कडवं गायचं, आणि कुठेही कुरकुर ऐकू येत नाही. आवाज तसाच परीटघडीचा.

१९३६ मध्ये गायक अल जोल्सनने सोडल्यानंतर ‘शेल शॅटो’ या मोठ्या रेडिओ कार्यक्रमाच्या निवेदकाचं काम बॅल्यूला मिळालं, त्याच वर्षी ‘पाम स्प्रिंग्ज’ चित्रपट. आणि मग सोल लेसर या निर्मात्याने त्याला घोड्यावर बसवलं. १९३७-३८ या दोन वर्षांत पाच चित्रपट: ‘वेस्टर्न गोल्ड’, ‘रोल अलाँग, काउबॉय’, ‘हवाईयन बकारू’, ‘रॉहाइड’ आणि ‘पॅनामिंट्स बॅड मॅन’. वितरण ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचं. पाच झाले आणि संपलं.

कारण विचारलंत तर धंद्याचं कारण आहेच. त्या वेळी गाजत असलेला गाणारा काउबॉय जीन ऑट्री, त्याच्या मागे रिपब्लिकसारखी वर्षाला ठरलेले चित्रपट काढणारी कंपनी होती, शिवाय रेडिओ आणि रेकॉर्डची घोडदौड. १९३८ ला पैशांवरून ऑट्री अडून बसला तेव्हा कंपनीने रॉय रॉजर्सला पुढे केलं, आणि गाडा चालूच राहिला. लेसरकडे असलं काही नव्हतं.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ऑट्री गातो तेव्हा ऐका. तोही टेक्ससचाच. रेल्वेत तारमास्तर होता, मग शिकागोच्या रेडिओवर गायला लागला. आवाज साधा, थोडा नाकातला, तालमीचा तर मुळीच नाही. पण तो गायला लागला की कथा निमूटपणे बाजूला उभी राहते. गाणं त्याचं असतं, घोडा त्याचा असतो, पाठीमागचा डोंगरही त्याचाच असतो. बॅल्यू गातो तेव्हा आवाज ऑट्रीपेक्षा कितीतरी सुरेल, श्वास बेमालूम. आणि तरी असं वाटत राहतं की हा आत्ता संपवेल आणि कुणाला तरी जागा करून देईल. दहा वर्षं त्याने हेच केलं होतं. दुसऱ्याच्या गाण्यात पाहुणा म्हणून यायचं, यजमानाची मोडतोड न करता जायचं. हा दोष नाही, ही कमालीची शिस्त आहे. फक्त घोड्यावर बसून ती चालत नाही.

‘रॉहाइड’ बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. यांकीज संघाचा बेसबॉलपटू लू गेरिग यात स्वतःच्याच नावाने आहे. बेसबॉल सोडून रँच चालवायला निघालेला. गुत्त्यातल्या मारामारीत तो बिलियर्डचे गोळे उचलून एकेकाला नेम धरून हाणतो, ते दृश्य खरंच झकास आहे. चित्रपटाचा नायक, गावचा वकील, बॅल्यू. पण गेरिगला पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, ‘एएलएस’ या स्नायू दुबळे करत नेणाऱ्या असाध्य आजाराचं निदान झालं, आज अमेरिकेत तो आजार त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्यामुळे २००७ मध्ये मज्जासंस्थेच्या डॉक्टरांनी हा चित्रपट बारकाईने तपासला, १९३८ च्या सुरुवातीला गेरिगच्या हातापायांत दुबळेपणा दिसतो का म्हणून. तसं काही आढळलं नाही. म्हणजे बघा, डॉक्टरांनी या चित्रपटातल्या हातांच्या हालचाली न्याहाळल्या, त्याही पाहुण्याच्या. स्वतःच्या चित्रपटातसुद्धा बॅल्यूच्या वाट्याला मधलंच कडवं आलं.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९३३ च्या ‘रायडर्स ऑफ डेस्टिनी’ चित्रपटात जॉन वेन, पुढे पडद्यावरचा धिप्पाड काउबॉय म्हणून गाजलेला नट, चक्क गाणारा काउबॉय आहे. आवाज अर्थातच उसना. वर्षानुवर्षं लोक म्हणत आले की तो बॅल्यूचा, तर दुसरे म्हणतात दिग्दर्शकाच्या मुलाचा, बिल ब्रॅडबरीचा. हल्ली ब्रॅडबरीचं पारडं जड आहे. जे गाणं बहुधा याने गायलंच नाही, त्याचं श्रेय याला मिळत राहिलं, आणि शेकडो गायलेल्यांवर नावच नाही.

नंतर बॅल्यूने चित्रपटांत किरकोळ कामं केली, मग तो विमानउद्योगात नोकरीला लागला आणि टेक्ससला, फोर्ट वर्थला परतला. १९८४ मध्ये गेला. ही पडझड आहे असं चरित्रलेखक सुचवतात. मला तसं वाटत नाही. मंदीत बँड बुडालेला माणूस पगाराची नोकरी धरतो यात रडण्यासारखं काय आहे?

ग्रुपवरच्या मित्राला मी एवढं सगळं लिहिलं नाही, त्याने फक्त अंगठा पाठवला असता. त्याला एक लिंक पाठवली, तुम्हालाही सांगतो. सॅक्सोफोनवादक फ्रँकी ट्रम्बावर याच्या बँडची १९२९ ची ‘लुईझ’. बिक्स बायडरबेक या जाझवादकाचा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) ऐकायला जगभरचे लोक ती लावतात. तुम्ही एकदा बॅल्यूसाठी लावा. फार वेळ जाणार नाही, त्याचं काम जेमतेम मिनिटभराचं आहे.