वडापला स्लाइडवर जागा नाही

इंजिनिअरिंगच्या मुलामुलींचे मेसेज येत असतात, "ताई, सस्टेनेबल ट्रान्सपोर्टमध्ये करिअर करायचंय, स्कोप आहे का?" आहे की. मेट्रोचे डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल), शहरांचे मोबिलिटी प्लॅन, ई-बसची टेंडरं, कामाला तोटा नाही. सिव्हिलनंतर ट्रान्सपोर्टेशनमध्ये एमटेक करा, नाहीतर अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठासारख्या ठिकाणी प्लॅनिंग शिका. (अर्थशास्त्र-भूगोलवालेही या, तुम्ही प्रश्न बरे विचारता.) पगार सुरुवातीला आयटीतल्या मित्रांपेक्षा कमीच.

पण 'शेअर्ड मोबिलिटी' म्हटलं की आमच्या क्षेत्रात लोक अ‍ॅप, भाड्याची ई-स्कूटर आणि कारपूलिंगच्या स्लाइड लावतात, याचा मला मनापासून राग येतो. सातारा-सांगलीकडे माणसं कधीपासून वडापनं, म्हणजे माणशी भाडं घेऊन भरली की सुटणाऱ्या जीपगाडीनं, जातायत. मुंबईत स्टेशनाबाहेर शेअर रिक्षाची रांग लागलेली असते. ते शेअरिंग नाही तर काय आहे?

त्यातलं वडाप कागदावर धड येतच नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ठरलेल्या मार्गावर, माणशी भाडं घेऊन, वाटेत चढ-उतार करणारी ती टप्पा वाहतूक. अख्खी गाडी ठरवून नेली तर कंत्राटी. वडापवाल्याकडे परवाना असलाच तर बहुधा कंत्राटीचा आणि धंदा मात्र टप्प्याचा. शहरांत काही शेअर मार्ग मंजूर आहेत, पण बाकीचं सगळं 'अवैध प्रवासी वाहतूक' या एका शिक्क्याखाली जातं. मग त्याची आकडेवारी कोण ठेवणार?

जी वाहनं मोजतो, तीही कशी मोजतो बघा. चौकात व्हॉल्यूम काउंट करायचा आणि सगळ्याचं पीसीयू करायचं, म्हणजे प्रत्येक वाहन किती कारइतकं ते धरायचं. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांचे मापदंड ठरवणारी संस्था) 1990 च्या शहरी रस्त्यांच्या निर्देशांत कार 1, रिक्षा 1.2 ते 2, बस 2.2 ते 3.7. रस्त्यावर जागा किती अडते, एवढंच त्यातून कळतं. आत माणसं किती, ते नाही. एकटा साहेब बसलेली कार 1 आणि खच्चून भरलेली बस साडेतीनच्या आसपास. रस्ता वाहनांसाठी नव्हे, माणसांसाठी, असं केंद्राचं नागरी वाहतूक धोरण 2006 पासून सांगतंय. आमची एक्सेल शीट मात्र त्याच्या आधीच्याच जमान्यात आहे. त्यातून फ्लायओव्हर निघाला तर नवल कसलं? बऱ्याचदा तर फ्लायओव्हर आधी ठरतो, अभ्यास मागून येतो.

म्हणून पहिल्या नोकरीत एवढंच विचारा, डोकी कोण मोजतंय? बॉस वैतागेल. वैतागू दे.

आणि माझ्याकडे इंटर्नशिप हवी असेल तर सीव्हीसोबत तुमच्या गावच्या वडाप थांब्याची तासाभराची मोजणी पाठवा. किती गाड्या सुटल्या, प्रत्येकीत किती माणसं, त्यात बायका किती, गाडी भरायला किती वेळ लागला. सॉफ्टवेअर आम्ही शिकवू.