कंस हलवले की नेमकं काय हलतं?

डिसजॉइंट युनियन (घटक कुठल्या संचातून आला ते न विसरता संच एकत्र करणं) साहचर्य पाळतं का, म्हणजे कंस कुठेही घातले तरी उत्तर तेच येतं का, या प्रश्नावर गणितवाल्यांचे दोन गट पडतात आणि मला दोन्हींचा थोडा थोडा राग येतो. पहिला गट म्हणतो, "हो, उघडच आहे," आणि फळा पुसून पुढच्या प्रमेयाकडे वळतो. दुसरा गट बोट वर करतो, "तसं पाहिलं तर नाही हं, दोन्ही बाजूंचे संच समान नाहीत," आणि मोठी चोरी पकडल्याच्या थाटात खाली बसतो. माझ्या मते दोघंही एकाच चुकीच्या प्रश्नाला धरून बसलेत: दोन्ही बाजू समान आहेत का? समान नसल्या तरी काही बिघडत नाही. आणि समान निघाल्या तरी तेवढ्यानं काही सिद्ध होत नाही. हे दुसरं वाक्य बऱ्याच जणांना पचत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट. (गणित नको असेल त्यांनी इथूनच रामराम घ्यावा.)

शाळेतला संयोग आठवा. दोन संच एकत्र करायचे, सामाईक घटक एकदाच लिहायचे. म्हणूनच घटकांची संख्या मोजताना छेदाची संख्या वजा करावी लागते. आता समजा एका तुकडीत हजेरी क्रमांक १ ते ४० आहेत आणि दुसरीत १ ते ३५. या क्रमांकांच्या संचांचा संयोग घेतला तर हाती येतात ४०. मुलं मात्र ७५ आहेत. पहिल्या तुकडीतला ७ आणि दुसऱ्या तुकडीतला ७ वेगळे ठेवायचे तर प्रत्येक क्रमांकाला तुकडीची चिठ्ठी चिकटवावी लागते. चिठ्ठ्या लावून केलेला हा संयोग म्हणजे डिसजॉइंट युनियन, खूण ⊔. औपचारिक भाषेत, डाव्या संचातल्या घटकाची ० बरोबर क्रमित जोडी करायची, उजव्यातल्याची १ बरोबर. डेटाबेसवर काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. एसक्यूएलमधलं 'युनियन' दुहेरी ओळी काढून टाकतं, 'युनियन ऑल' ठेवतं. पण ओळ कुठल्या टेबलातून आली हे तेही सांगत नाही. ते हवं असेल तर एक जादा कॉलम आपणच घालतो. तो कॉलम म्हणजेच चिठ्ठी.

गंमत अशी की शाळेतला साधा संयोग साहचर्य अगदी काटेकोर पाळतो. कंस कुठेही घाला, तोच संच मिळतो. चिठ्ठ्या आल्या की गडबड सुरू होते. अ, ब, क या तीन संचांत अनुक्रमे य, र, ल असा एकेकच घटक आहे असं धरा.

(अ ⊔ ब) ⊔ क यात सापडतात: ((य,०),०), ((र,१),०), (ल,१).

अ ⊔ (ब ⊔ क) यात सापडतात: (य,०), ((र,०),१), ((ल,१),१).

एकही घटक जुळत नाही. पहिल्या मांडणीत 'य'वर दोन चिठ्ठ्या आणि 'ल'वर एक, दुसरीत उलट. दुसऱ्या गटाचं म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे. पण हे उत्तर कशावर अवलंबून आहे बघा. आपण ० आणि १ या चिठ्ठ्या निवडल्या. लाल-हिरव्या निवडल्या असत्या तर वेगळेच संच आले असते. क्रमित जोडी हाही शेवटी एक संचच: आज प्रचलित असलेली व्याख्या कुरातोव्स्कीची, १९२१ सालची. त्याआधी १९१४ मध्ये नॉर्बर्ट वीनरनं वेगळी दिली होती. ज्या प्रश्नाचं उत्तर शोधताना कुरातोव्स्की की वीनर हे आधी ठरवावं लागतं, त्या प्रश्नात तीन संचांबद्दलचं ज्ञान किती आणि आपल्या हिशेबाच्या वहीबद्दलचं किती?

मग पहिला गट म्हणतो, "अहो, दोन्हींमध्ये एकास एक संगती आहे, झालं की!" झालं नाही. संगती आहे एवढंच म्हणायचं असेल तर तुम्ही फक्त म्हणताय की दोन्हीकडे घटकांची संख्या सारखी आहे. वरच्या उदाहरणात तीन-तीन घटकांचे दोन संच आहेत, त्यांच्यात एकास एक संगती ६ आहेत. त्यांतली एक 'य'ला 'र'च्या जागी बसवते, एक तिघांनाही फिरवते. आपल्याला त्या सहांतली एकच हवी आहे: य चा य, र चा र, ल चा ल, फक्त चिठ्ठ्या बदललेल्या. ती निवडायची कशी, आणि निवड आपल्या मर्जीवर नाही हे सांगायचं कसं?

सॅम्युएल आयलेनबर्ग आणि सॉन्डर्स मॅकलेन यांचा १९४५चा लेख, जिथून कॅटेगरी थिअरी (वस्तू आणि त्यांच्यामधले बाण, जसे संच आणि त्यांच्यातली फलं, यांचा अभ्यास) सुरू झाली असं मानतात, नेमका हेच सांगण्यासाठी होता: एखादी संगती 'नैसर्गिक' आहे म्हणजे काय. कल्पना सोपी आहे. अ, ब, क वर कुठलंही फल (फंक्शन) लावून त्यांना दुसऱ्या संचांत न्या. आधी फल लावून मग कंस हलवले काय, किंवा आधी कंस हलवून मग फल लावलं काय, उत्तर एकच यायला हवं. ही अट तिन्ही संचांसाठी स्वतंत्रपणे घातली की सहांतल्या पाच गळून पडतात. कारण बघा: ब आणि क रिकामे करा. आता 'य'ला जायला अ खेरीज जागाच नाही. रिकामा संच कुठल्याही संचात बसतोच, म्हणून नैसर्गिकपणाच्या अटीमुळे ब आणि क भरलेले असतानाही 'य'ला अ मध्येच जावं लागतं. आणि अ मध्ये कुठे? एकच घटक असलेल्या संचाकडून 'य'वर बोट ठेवणारं फल घ्या. 'य' 'य'वरच जातो. संपलं. मला हा युक्तिवाद फार आवडतो. दोन संच रिकामे केले, एक एका घटकाचा केला, बाकी काही केलंच नाही.

'स्वतंत्रपणे' हा शब्द मात्र गाळू नका. तिन्ही जागी एकच संच असेल, म्हणजे अ ⊔ अ ⊔ अ, आणि फलही तिन्ही जागी एकच लावायचं ठरवलं, तर सहाच्या सहा अदलाबदली नैसर्गिक ठरतात. तीन प्रतींची आपसांतली अदलाबदल अ मध्ये काय आहे हे बघतच नाही.

कॅटेगरीवाल्यांचा दुसरा रस्ता आणखी सरळ आहे. ते डिसजॉइंट युनियन बांधतच नाहीत, तिचं काम सांगतात: अ पासून म या कुठल्याही संचाकडे एक फल आणि ब पासून म कडे एक फल दिलं की युनियनपासून म कडे जाणारं, त्या दोघांना सामावणारं, एक आणि एकच फल असतं. हे काम जो संच करेल तो चालेल. चिठ्ठ्या लाल असोत की हिरव्या. दोन्ही कंसांच्या मांडण्या तीन संचांसाठी हेच काम करतात, म्हणून अ, ब, क ची ओळख जपणारी त्यांच्यातली संगती एकमेव असते.

तीन संचांचं हे असं. चार झाले की काय होतं? चार गोष्टींना कंस घालण्याचे ५ प्रकार आहेत (पाचांना १४, सहांना ४२, हे कॅटलान अंक). ((अ ⊔ ब) ⊔ क) ⊔ ड पासून अ ⊔ (ब ⊔ (क ⊔ ड)) पर्यंत एका वेळी एकच कंस हलवत जायचं तर दोन वाटा आहेत: एक दोन पावलांची, एक तीन पावलांची. ही पाच ठिकाणं मांडली की पंचकोन होतो. ब मधल्या घटकाचा पत्ता डावा-उजवा असा लिहून बघा. सुरुवातीला तो डावा-डावा-उजवा. आखूड वाटेनं आधी डावा-उजवा, मग उजवा-डावा. लांब वाटेनं आधी डावा-उजवा-डावा, मग उजवा-डावा-डावा, मग उजवा-डावा. दोन्हीकडून एकाच घरी पोहोचला.

"पोहोचणारच, त्यात काय!" हे वाक्य संचांपुरतं खरं आहे, कारण आपली संगती एकमेव आहे हे आपण वर दाखवलं. इतरत्र नाही. व्हेक्टर स्पेसचा टेन्सर प्रॉडक्ट (दोन व्हेक्टर स्पेस जोडण्याची, गुणाकारासारखी एक रीत) घ्या आणि कंस हलवताना दर वेळी उणे चिन्ह लावा. हीसुद्धा पूर्ण नैसर्गिक संगती आहे, उलटवता येते, दिसायला निर्दोष. पण पंचकोनात दोन पावलांची वाट अधिक चिन्ह देते आणि तीन पावलांची उणे. दोन वाटा, दोन उत्तरं. म्हणून तिथे पंचकोन ही अट घालावी लागते. मॅकलेननं १९६३ मध्ये दाखवलं की पंचकोन आणि एककाच्या (जोडलं तरी काही बदलत नाही असं काही, जसा आपल्याकडे रिकामा संच) मोजक्या अटी पाळल्या, की कितीही गोष्टी आणि कितीही कंस असोत, सगळ्या वाटा एकाच उत्तराला पोहोचतात. पुढच्याच वर्षी मॅक्स केलीनं त्यातल्या काही अटी जादा असल्याचं दाखवलं. उरले एक पंचकोन आणि एक त्रिकोण. त्याच १९६३ मध्ये जिम स्टॅशेफ टोपोलॉजीत, म्हणजे आकारांच्या गणितात, कंसांच्याच मागे होता, आणि पाच गोष्टींच्या १४ मांडण्यांची त्रिमितीय घनाकृती त्याच्या कामातून येते: ६ पंचकोन आणि ३ चौकोन अशा ९ पृष्ठांची. कागद कापून करून बघा, सुंदर दिसते.

आता माझ्या त्या न पचणाऱ्या वाक्याकडे. कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, संच असे निवडा की दोन्ही बाजू खरोखर समान येतील. नैसर्गिक संख्या घेऊ, शून्यासकट. दोन प्रतींची डिसजॉइंट युनियन पुन्हा नैसर्गिक संख्यांतच बसवता येते: डाव्या प्रतीतला न जातो २न वर, उजव्यातला २न+१ वर. डावे सम झाले, उजवे विषम. चिठ्ठी संख्येतच मुरली. तीन प्रती, कंस कसेही, दोन्हीकडे उत्तर तोच संच: सगळ्या नैसर्गिक संख्या. समान. अक्षरशः समान.

पण आत डोकावून बघा. पहिल्या मांडणीत अ चा न बसतो ४न वर, ब चा ४न+२ वर, क चा २न+१ वर. दुसऱ्या मांडणीत अ चा २न वर, ब चा ४न+१ वर, क चा ४न+३ वर. म्हणजे १ ही संख्या पहिल्या मांडणीत क चं शून्य आहे आणि दुसरीत ब चं शून्य. दोन्ही संच समान आहेत म्हणून तुम्ही १ ला १ वरच ठेवलंत, तर क चा घटक गुपचूप ब मध्ये गेला! खरी संगती ० ला ० वर ठेवते, १ ला ३ वर नेते, २ ला १ वर, ३ ला ७ वर, ४ ला २ वर. डाव्या-उजव्या संचांत बरोबरीचं चिन्ह खरं आहे आणि तरीही ते आपल्याला खोट्यात पाडतं.

कोणी म्हणेल, ही सम-विषमची युक्तीच वाईट, दुसरी शोधू. दुसरीही सापडणार नाही. कंस हलवणारी संगती 'जागचं जागी' असावी, म्हणजे प्रत्येक घटक आहे तिथेच राहावा, असा हट्ट धरला, आणि दोन प्रतींची युनियनही पुन्हा तोच नैसर्गिक संख्यांचा संच असावा असं म्हटलं, तर थोड्याच ओळींत निघतं की या संचावरची कुठलीही दोन फलं एकच आहेत. म्हणजे सगळाच बट्ट्याबोळ. गुणाकारासाठी हा युक्तिवाद मॅकलेनच्या पाठ्यपुस्तकात जॉन इस्बेलच्या नावानं येतो. बाण उलटे केले की डिसजॉइंट युनियनलाही तसाच लागू पडतो.

आणि वरची ती ०, ३, १, ७, २ वाली संगती हेही काही खेळणं नाही. संख्या द्विमान पद्धतीत उलट्या क्रमानं लिहा, शेवटचा अंक आधी. संगती सांगते: सुरुवातीचे ०० असतील तर ० करा, ०१ असतील तर १० करा, १ असेल तर ११ करा. रिचर्ड थॉम्पसननं १९६५ मध्ये अभ्यासलेल्या, आज 'थॉम्पसन ग्रुप एफ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ग्रुपच्या (उलटवता येणाऱ्या, एकापाठोपाठ एक करता येणाऱ्या कृतींच्या समूहाच्या) दोन प्रसिद्ध जनकांपैकी, म्हणजे ज्या दोन कृतींपासून अख्खा ग्रुप तयार होतो त्यांपैकी एक, नाही तर त्याचा व्यस्त, तो हाच. हा ग्रुप 'अमेनेबल' (ढोबळ मानानं, ज्यावर ग्रुपच्या हालचालींनी न बदलणारी सरासरी काढता येते असा) आहे की नाही यावर अजून निकाल लागलेला नाही. कंस हलवण्याच्या 'उघडच' गोष्टीतून निघालेला ग्रुप!

कंस सरळ काढून टाकायचेच असतील तर त्यालाही बरा मार्ग आहे. संचांच्या जोड्यांऐवजी याद्या घ्या; अ, ब, क अशी सपाट यादी. यादीला यादी जोडली की कंस उरतच नाहीत. सांत संचांत तर ० पासून न−१ पर्यंतच्या संख्या घेऊन दुसरा गट पहिल्याच्या पुढे मोजत गेलं तरी पुरतं. तिथे कंस हलवणं खरंच जागचं जागी होतं. पण डावं-उजवं बदलण्याला, म्हणजे क्रमनिरपेक्षतेला, हा इलाज चालत नाही. एका घटकाचा संच त्याच्याच शेजारी ठेवा. १+१ = १+१, यापेक्षा समान काय असणार? तरी जागा बदलल्या की पहिला दुसरा होतो आणि दुसरा पहिला. कुठल्याही युक्तीनं ही अदलाबदल 'काहीच नाही' करता येत नाही.

म्हणून माझं शिकवणाऱ्यांना सांगणं आहे: "साहचर्य सिद्ध करा" असा प्रश्न डिसजॉइंट युनियनसाठी घालूच नका. "संगती लिहा, आणि ती एकमेव का ते सांगा" असा घाला. 'लीन'सारख्या संगणकी सिद्धता-प्रणालीत याला पर्यायही नाही. तिथल्या मॅथलिब संग्रहात कंस हलवण्याच्या या संगतीला 'सम-असॉक' असं स्वतंत्र नाव आहे, आणि ती वापरायची तर तिचं नाव घ्यावं लागतं. नुसतं बरोबरीचं चिन्ह टाकलं तर यंत्र पुढे जाऊ देत नाही. तक्रार करणाऱ्या पोरांना मी सम-विषमचं उदाहरण देतो आणि विचारतो, ५ कुठे जातो? निम्मी मुलं ५ म्हणतात. तो जातो ११ वर.