‘साधेच करा’ असे मला पुन्हा कोणी सांगू नये

गेल्या रविवारी सकाळी पावणेअकराला दिरांचा फोन आला. “वहिनी, आम्ही चौघे दुपारी तुमच्याकडेच येतो आहोत. तुम्ही मुळीच घाट घालू नका, साधेच करा. पिठले, भाकरी आणि ठेचा केलात तरी पुष्कळ झाले.” फोन ठेवला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज पाच दिवस झाले तरी ती उतरलेली नाही. पाहुणे आले याचा मला राग नाही. घरात चार माणसे जेवली की मला बरेच वाटते. मला संताप येतो तो ‘साधे’ या शब्दाचा. बोलणाऱ्याला वाटते की हा शब्द उच्चारून त्याने माझ्यावरचा भार हलका केला, आणि प्रत्यक्षात त्याने माझ्याकडून जास्तीत जास्त मेहनतीचे जेवण मागितलेले असते, तेही उपकार केल्याच्या सुरात.

आठ माणसांच्या पंधरा भाकऱ्या होतात. गव्हाची कणीक एकदा मळून ठेवली की तासभर तिच्याकडे पाहिले नाही तरी चालते, उलट ती मुरून चांगली होते. ज्वारीचे तसे नाही. ज्वारीच्या पिठाला अंगचा चिकटपणा नसतो, म्हणून त्यात कढत पाणी घालावे लागते, आणि प्रत्येक भाकरीचे पीठ त्या त्या वेळी परातीत घेऊन मनगटाच्या जोराने मळावे लागते. दळण पंधरा-वीस दिवसांचे झाले असेल तर पिठाची विरी गेलेली असते. मग कितीही मळा, थापताना कडा फाटतात आणि तव्यावर टाकेपर्यंत भाकरीचे दोन तुकडे होतात. ती नीट थापली गेली तर दोन्ही हातांवर अलगद उचलून, पिठाची बाजू वर येईल अशी तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकते न सुकते तोच उलटायची आणि शेवटी जाळावर धरून फुगवायची. पाणी सुकण्याच्या त्या क्षणी दाराची बेल वाजली आणि मी दोन पावले सरकले, तर भाकरीला भेगा पडतात. एका भाकरीला चार मिनिटे धरली, तरी पंधरा भाकऱ्यांचा एक तास होतो, आणि त्या तासात दुसऱ्या शेगडीवर पिठले असते, जे सतत ढवळले नाही तर गुठळ्या होतात. ठेच्यासाठी मिरच्या भाजायच्या, त्यांचा ठसका सगळ्या घराला लागतो, आणि त्या मिक्सरला लावलेल्या चालत नाहीत, खलबत्त्यातच कुटलेल्या लागतात, कारण चव ‘ओरिजिनल’ हवी असते.

घरात रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला एक गोष्ट पक्की माहीत असते, आणि जेवणाऱ्यांना ती चाळीस-चाळीस वर्षे जेवूनही कळत नाही: साधे जेवण आधी करून ठेवता येत नाही. छोले सकाळी केले तर दुपारी अधिक मुरतात. पनीरची रस्साभाजी आदल्या दिवशी करून ठेवली तरी कोणाला पत्ता लागत नाही. पुलाव झाकून ठेवला की तासभर गरम राहतो. म्हणजे ज्याला आपण ‘घाट’ म्हणतो, ते सगळे उरकून मला पाहुण्यांसोबत पानावर बसता येते. पिठले मात्र पंधरा मिनिटांत आळते. भाकरी तव्यावरून ताटात गेली तरच भाकरी. दहा मिनिटांनी ती वातड होते. फुलका फुगलेला असतानाच वाढायचा असतो. त्यामुळे जेवण जितके साधे, तितकी ते करणारी बाई जेवणाच्या वेळी चुलीपाशी बांधलेली. त्या रविवारी बाहेरच्या खोलीत सात माणसे हसत-बोलत गरम भाकरीवर तूप घालून जेवत होती, आणि दर चार मिनिटांनी आतून एक भाकरी बाहेर जात होती. जाऊ दोनदा उठून आली. तिलाही ठाऊक होते, पण परातीपाशी दोघींना एकदम उभे राहता येईल एवढे आमचे स्वयंपाकघर मोठे नाही. पावणेतीनला मी बसले तेव्हा पिठल्याची वडी पडली असती. आणि त्याच वेळी हात धुऊन आलेले दीर म्हणाले, “बघा वहिनी, साध्या जेवणाची सर कशालाच नाही.” मी काही बोलले नाही, याचाच मला आज सर्वांत जास्त राग येतो.

हे काही एका रविवारपुरते नाही. आमच्या घरी चार माणसे आहेत आणि दोन वेळच्या मिळून रोज चोवीस पोळ्या होतात. वर्षाच्या आठ हजार सातशे साठ. माझ्या लग्नाला सव्वीस वर्षे झाली आहेत. पुढचा गुणाकार ज्याला करायचा आहे त्याने करावा. घडीची पोळी म्हणजे लाटलेल्या कणकेला तेल लावायचे, पिठी भुरभुरायची, घडी घालायची आणि पुन्हा कडेकडेने लाटायची. मधून जोर दिला तर पदर सुटत नाहीत. एवढे करून ताटात पडलेल्या पोळीचे कधी कोणी नाव घेत नाही. “आज जेवायला काय?” या प्रश्नाच्या उत्तरात भाजीचे नाव असते, फार तर आमटीचे. पोळी ही जणू हवेसारखी आपोआप असणारी वस्तू आहे.

दिसणाऱ्या कामाचे हे झाले. न दिसणाऱ्या कामाला तर नावही नाही. काकडीच्या कोशिंबिरीत दोन चमचे दाण्याचे कूट पडते. ते कूट म्हणजे कोणीतरी मंद आचेवर दाणे भाजलेले असतात, गार झाल्यावर चोळून सुपात पाखडलेले असतात, आणि तेल सुटणार नाही इतपतच मिक्सर फिरवून डब्यात भरलेले असतात. आमटीतला एक चमचा गोडा मसाला म्हणजे धने, तीळ, सुके खोबरे, दगडफूल आणि बाकीचा खडा मसाला वेगवेगळा भाजण्यात गेलेली एक दुपार असते. वरणावरचे तूप म्हणजे आठवडाभर जमवलेली साय, तिचे विरजण, ताक घुसळणे, लोणी धुणे आणि ते कढताना बेरी करपू नये म्हणून कढल्यासमोर उभे राहणे. मेथीची भाजी म्हणजे पेपर पसरून दोन जुड्या निवडणे, तीन पाण्यांतून माती काढणे, आणि शेवटी चौघांना वाटीभर भाजी पुरवणे. वालाच्या डाळिंबीला तर मी साधे म्हणूच देणार नाही. आदल्या रात्री वाल भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. जोर जास्त झाला की डाळिंबी दुभंगते, कमी झाला की साल तशीच राहते. अर्ध्या किलोला तास-दीड तास जातो, बोटांची टोके पांढरी पडून सुरकुततात, आणि मग ताटावर कोणीतरी म्हणते की आज नुसती उसळच आहे का?

त्यात आमच्या सोसायटीला फेब्रुवारीपासून टँकरचे पाणी येते, ते बोअरचे आणि जड. जड पाण्यातील कॅल्शियममुळे डाळीचे दाणे लवकर मऊ होत नाहीत. महापालिकेच्या पाण्यात चार शिट्ट्यांत गळून जाणारी तूरडाळ या पाण्यात सात शिट्ट्यांनंतरही कण राखून असते, आणि डाळ जुनी असेल तर अधिकच. म्हणून उन्हाळ्याच्या दिवसांत मी डाळ तासभर आधी भिजवते, डाळ पुरती घोटून होईपर्यंत चिंच-गूळ घालत नाही, आणि पिण्याच्या फिल्टरचे पाणी कुकरला वापरते. एवढा विचार ज्या वरणामागे असतो, ते वरण या घरात ‘काही केले नाहीस तर नुसता वरणभात टाक’ या वाक्यात येते.

मोबाईलवरच्या दहा मिनिटांच्या पाककृतींनी या समजात भर घातली आहे. त्या चित्रफितींत सुरुवातीलाच काचेच्या वाट्या मांडलेल्या असतात: एकीत उकडलेले बटाटे, दुसरीत भिजवलेली डाळ, तिसरीत खवलेला नारळ, चौथीत निवडून, धुऊन, चिरलेली कोथिंबीर. नारळ कोणी फोडला, खवला, ती विळी कोणी धुतली, कोथिंबिरीच्या काड्या कोणी वेगळ्या केल्या, हे त्या दहा मिनिटांत धरलेलेच नसते. माझा मुलगा अशीच एक चित्रफीत मला दाखवून म्हणाला, “आई, तू उगाच इतका वेळ लावतेस.” त्याला मी त्याच संध्याकाळी पाव किलो गवार मोडायला बसवले. शिरा काढत बारीक तुकडे करायला त्याला पस्तीस मिनिटे लागली, आणि ती भाजी अजून कढईत पडायची होती.

सरकारी आकडेही हेच सांगतात, पण ते कोणी जेवणाच्या टेबलावर वाचत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळ-वापर सर्वेक्षणात, सहा वर्षांवरील ज्या स्त्रिया विनामोबदला घरकाम करतात त्यांचा त्यात २०१९ साली दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता आणि पुरुषांचा ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात स्त्रियांची २८९ मिनिटे झाली आणि पुरुषांची ८८. पाच वर्षांत आमची दहा मिनिटे वाचली आणि त्यांची नऊ! यात झाडलोट, धुणीभांडी सगळे आले हे मला मान्य आहे, पण माझ्या दिवसातला त्यातला मोठा वाटा ओट्यापाशी जातो हे मला कोणा सर्वेक्षणाने सांगण्याची गरज नाही.

आणि या सगळ्याच्या आधी ठरवण्याचे काम असते. रोज रात्री मी विचारते, “उद्या डब्याला काय करू?” आणि रोज उत्तर येते, “काहीही चालेल, साधेच कर.” हे उत्तर नाही, अंग काढून घेणे आहे. काल बटाटा झाला, भेंडी कोणाला आवडत नाही, कोबी फ्रीजमध्ये मऊ पडत चालला आहे, परवा चतुर्थी आहे, मटकीला मोड आणायचे तर आत्ता भिजत घालायला हवी, हे सारे डोक्यात धरून एक नाव काढायचे असते. तेवढे एक नाव काढण्याचे कष्टसुद्धा घरातील तीन धडधाकट माणसे घेत नाहीत, आणि न घेण्याला समजूतदारपणा समजतात.

मी दिरांना काल रात्री फोन केला. पुढच्या महिन्यात ते पुन्हा येणार आहेत. त्यांना सांगितले की पिठले-भाकरी जरूर करू, पण तुम्ही साडेदहाला या. भाकऱ्या तुम्ही आणि तुमचे बंधू मिळून करायच्या, मी शेजारी उभी राहून शिकवीन, आणि पहिल्या चार भाकऱ्या जावेच्या आणि माझ्या पानात पडतील. पलीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ते म्हणाले, “मग राहू दे वहिनी, आपण बाहेरच जाऊ.” मी म्हटले, बाहेर जायचे नाही. दळण मी आदल्या दिवशी ताजे आणून ठेवते.