कमला पर्साद-बिसेसर यांच्याविषयी फिरणारा मजकूर : एक खुलासा

'बिहारमध्ये जन्मलेल्या कमला पर्साद-बिसेसर 2025 मध्ये त्रिनिदाद आणि टोबॅगोच्या पहिल्या भारतीय वंशाच्या पंतप्रधान झाल्या', असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. त्यात नाव आणि वर्ष यांपलीकडे बरोबर असे फारसे काही नाही.

कमलाबाईंचा जन्म 22 एप्रिल 1952 रोजी दक्षिण त्रिनिदादमधील सिपारिया येथे झाला आणि 1995 पासून त्या संसदेवर निवडून येत आहेत. बिहारचे नाते आहे ते पणजोबांचे. ते बक्सर जिल्ह्यातील भेलुपूरचे. उसाच्या मळ्यांसाठी 1845 पासून जहाजाने नेलेल्या गिरमिटिया (करारबद्ध) मजुरांच्या वंशजांपैकीच हे घराणे. जानेवारी 2012 मध्ये कमलाबाई भेलुपूरला गेल्या, तेव्हाची छायाचित्रे 'जन्मगावी परतल्या' अशा ओळीखाली पसरली असावीत, असा माझा अंदाज आहे.

भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान बासदेव पांडे. ते 1995 मध्येच त्या पदावर आले. त्याच पांडे यांना पक्षांतर्गत निवडणुकीत हरवून कमलाबाईंनी जानेवारी 2010 मध्ये युनायटेड नॅशनल काँग्रेसचे नेतृत्व मिळवले आणि 26 मे 2010 रोजी त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. 2015 मध्ये सत्ता गेली, 2020 मध्येही हार पत्करावी लागली. त्यामुळे 1 मे 2025 चा शपथविधी हे पुनरागमन होते, पदार्पण नव्हे.