‘नुसतं स्लाइम मारत फिरणं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या जपानी व्हिडिओ गेम मालिकेच्या पहिल्या तीन भागांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: या गेममध्ये गोष्ट अशी नाहीच, तासन्‌तास त्याच माळावर स्लाइम, म्हणजे सगळ्यात दुबळे राक्षस, मारत फिरायचं. नायकाला धड तोंडसुद्धा वळवता येत नाही. ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ या अमेरिकी संगणक-गेमनी हे सगळं १९८१ मध्येच करून ठेवलं होतं, आणि मी जुन्या आठवणींच्या प्रेमापोटी उणिवांनाच गुण म्हणते आहे.

आधी माझी चूक. ‘जपानमधला पहिला आरपीजी’ (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्राचं बळ वाढवत खेळायचा गेम) असं मी लिहिलं होतं, ते साफ चुकीचं आहे. ‘द ब्लॅक ओनिक्स’ आणि ‘हायड्लाइड’ हे गेम १९८४ मध्येच तिथल्या घरगुती संगणकांवर आले होते; ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला २७ मे १९८६ रोजी. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण आठवणींचं प्रेम म्हणाल, तर तशी आठवण माझ्याकडे असायचं कारणच नाही. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ज्या ‘व्हिडिओ गेम’च्या कॅसेटी मिळायच्या, त्यांत मारिओ आणि कॉन्ट्रा असायचे. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ मी पहिल्यांदा खेळले ती पुण्यात जपानी शिकून नोकरीसाठी नागोयाला गेल्यावर, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, जुन्या बाजारातून आणलेल्या फॅमिकॉमवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या निन्टेन्डोच्या गेमयंत्रावर.

आता तोंड न वळवणारा नायक. तो चारही दिशांना खेकड्यासारखा आपल्याकडे तोंड करूनच चालतो, म्हणून ‘बोला’ हा पर्याय निवडला की उत्तरेला बोलू की दक्षिणेला, तेही सांगावं लागतं. गैरसोय आहे, मान्य. पण पहिला भाग अख्खाच्या अख्खा ६४ किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. जागा इतकी कमी होती की काताकाना या जपानी लिपीतली फक्त वीस अक्षरं आत घेतली, आणि राक्षसांची, मंत्रांची काताकानातली नावं त्या विसांतूनच जुळवली. सु-रा-इ-मु, म्हणजे स्लाइम, ही चार अक्षरं त्या विसांतलीच. ‘होइमी’, ‘रुरा’, ‘रारिहो’ हे मंत्रही तसेच. जपानी मुलांच्या जिभेवर आज चाळीस वर्षं रुळलेले हे शब्द त्या टंचाईतून निघालेत. मराठीत वीसच अक्षरं घेऊन दहा मंत्रांची नावं जुळवायला बसा, म्हणजे ते किती अवघड आहे हे कळेल.

वाचवलेली जागा कुठे खर्च केली, हे तुम्ही पाहायला हवं होतं. सुरुवातीची राजाची खोली आठवा. दार बंद. तीन पेट्या: एकीत १२० सोन्याची नाणी, एकीत मशाल, एकीत किल्ली. पेटी उघडल्याशिवाय किल्ली नाही, किल्लीशिवाय दार नाही, आणि ‘जिना’ हा पर्याय निवडल्याशिवाय खाली जाता येत नाही. उड्या मारणं आणि धावणं एवढंच माहीत असलेल्या, पर्यायांची यादी कधी न पाहिलेल्या मुलांना ही खोली दोन मिनिटांत सगळं शिकवते. बाहेर पडलं की पाण्यापलीकडे ड्रॅगनराजाचा किल्ला दिसतो. कुठे पोचायचं ते पहिल्याच क्षणी डोळ्यांसमोर असतं, फक्त तिथे जाता येत नाही. पूल ओलांडला की राक्षस एकदम भारी होतात. एकदा मार खाल्ला की पुलाचा अर्थ कायमचा लक्षात राहतो. गेमचे कर्ते होरी युजी हे सगळं न बोलता सांगतात.

आणि स्लाइम. एक स्लाइम मारला की अनुभवाचा एक गुण, सात गुणांना दुसरी लेव्हल. तुम्हाला हे कंटाळवाणं वाटतं. विझर्ड्रीत मेलेल्याला जिवंत करताना विधी फसला तर त्याची राख होते, आणि राखेचाही विधी फसला तर तो माणूस कायमचा जातो. कित्येक आठवड्यांची मेहनत मातीला मिळते. इथे मेलात तर निम्मं सोनं जातं, राजा ‘मरतोस म्हणजे काय!’ म्हणून रागावतो, पण मिळवलेले गुण शाबूत राहतात. हात चपळ नसलेलं, हुशारीत मागे असलेलं मूलही चिकाटी धरली तर शेवटपर्यंत पोचणारच. विझर्ड्रीचे चाहते असलेल्या होरींनी हा बदल जाणूनबुजून केला, असंच मी समजते. विझर्ड्री आधी आला हे खरं, पण तो माझ्या आईला खेळता आला नसता. हा तिने खेळला, मी शेजारी बसून भाषांतर करत होते.

दुसऱ्या भागाबाबत मात्र मी तुमच्या बाजूची आहे. पहिल्यानंतर आठच महिन्यांत, जानेवारी १९८७ मध्ये तो आला, आणि ती घाई शेवटाकडे जाणवते. रोंदार्कियाच्या गुहेत न दिसणारे खड्डे, वर बर्फाळ पठारावर एका झटक्यात सगळ्यांना मारणारा ‘झाराकी’ मंत्र. हे अवघड नाही, अन्यायाचं आहे. त्यात, थांबवलेला खेळ पुढे चालू करायला लागणारा पासवर्ड बावन्न अक्षरांपर्यंतचा. ‘बा’ आणि ‘पा’ यांत जपानीत फरक काय, तर डोक्यावर दोन बारीक रेघा की एक बारीक गोल. जुन्या टीव्हीवर दोन्ही सारखेच ठिपके. माझी एका रविवारची सगळी कमाई त्या एका ठिपक्यापायी गेली. पडद्यावर उत्तर एवढंच, ‘मंत्र चुकला आहे’ (पासवर्डला गेममध्ये मंत्रच म्हणतात). ती वही मी अजून ठेवली आहे.

‘गोष्ट नाहीच’ हे मात्र तिसऱ्या भागाबद्दल (फेब्रुवारी १९८८) मला अजिबात पटत नाही. इथे पहिल्या भागाच्या चौपट, म्हणजे २५६ किलोबाइट जागा होती, तीही पुरली नाही. शीर्षकाचं चित्र आणि संगीत दोन्ही काढून टाकलं. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं येतात. का, तर जग मोठं हवं होतं. त्याचा नकाशा आपल्या पृथ्वीचाच आहे: रोमारिया (रोम), इसिस (इजिप्त), जिपांग (जपान). आणि पोर्तोगा. या पोर्तोगाच्या राजाला काळी मिरी हवी असते. आणून देणाऱ्याला तो जहाज द्यायला तयार आहे. मिरी मिळते पूर्वेला, बहाराता नावाच्या गावात.

बहाराता. उच्चारून पाहा.

तिथलं मिरीचं दुकान बंद असतं, कारण दुकानदाराची नात तानिया पळवली गेली आहे. तिला सोडवायला गेलेला गुप्ता नावाचा मुलगाही पकडला जातो. दोघांना सोडवून आणलं की दुकान गुप्ता चालवायला घेतो, आणि मिरीचे पैसे घेत नाही. ती मिरी पोर्तोगाला नेली की जहाज मिळतं, आणि तोवर पायी तुडवलेलं जग एकदम खुलं होतं. पोर्तुगीज मिरीसाठी १४९८ मध्ये कालिकतला उतरले आणि १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला, हे आपण शाळेत घोकलेलं. इथे तोच व्यापार आठ-दहा संवादांत मांडलाय, आणि त्यात मिरी विकणाऱ्या माणसाला नाव आहे, घर आहे, काळजी आहे. मला तिथे थांबून रडू आलं होतं.

तुम्ही लिहिलंय की तिसरा भाग रोमारियानंतर सोडून दिलात. २०२४ मध्ये त्याची नवी आवृत्ती इंग्रजीतही आली आहे, त्यामुळे जपानीची अडचण नाही. बहाराताला पोचलात की नक्की कळवा.